लोकरीचे सोवळे

परवा तुम्ही पाठवलेला फोटो पाहिला. अंगणात गुडघाभर बर्फ आणि तुम्ही दोघे दारात अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात उभे! मी घाबरून फोन केला तर धाकटा म्हणाला, "आजी, घरात सगळीकडे हीटर आहे. बाथरूममध्येसुद्धा." आणि थोरलीने विचारले, "तुझ्याकडे हीटर नव्हता तेव्हा तू काय करायचीस? का नागपुरात थंडी नसतेच?"

फोनवर एवढे सांगणे जमत नाही, म्हणून लिहिते आहे.

नागपुरात थंडी असते. दिवाळीनंतर एक दिवस असा येतो की पंख्याच्या बटणाकडे हात जातच नाही. तिथून ती चढत जाते. डिसेंबरात ओठ फुटतात, पायांच्या टाचांना भेगा पडतात, अंगावर नखाने रेघ ओढली तर पांढरी उमटते. तुमच्या बर्फापुढे ही थंडी काहीच नाही, हे मला मान्य आहे. पण तुमची घरे थंडीसाठी बांधलेली असतात. आमचे भाड्याचे घर ज्याने बांधले, त्याने फक्त मे महिन्याचा विचार केला होता. उंच छत, वर कवेलू म्हणजे कौले, भिंतीत जागोजागी झरोके, आणि त्या झरोक्यांना ना काच ना झडप. उन्हाळ्यात ज्या वाटांनी गरम हवा बाहेर जायची, त्याच वाटांनी हिवाळ्यात थंडी सरळ अंथरुणात येऊन बसायची.

मी सांगते आहे तो हिवाळा तुमच्या आईचा पहिला. ती नुकती बसायला लागली होती. मी एका शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि ते माझे नोकरीत कायम होण्याचे वर्ष होते. बाळंतपणाची रजा दिवाळीच्या सुट्टीबरोबर संपत होती. मुख्याध्यापिकाबाई भल्या होत्या, पण त्यांनी स्पष्ट सांगितले होते की यापुढे रजा नाही. वर्ष पुरे केले तर कायम, नाहीतर जागा दुसऱ्या कोणाची. तेव्हा पाळणाघर म्हणजे काय हे आमच्या भागात कोणाला ठाऊक नव्हते. घरी बाळाजवळ माणूस असेल तर माझी नोकरी राहणार होती, एवढा सरळ हिशेब होता.

ते माणूस म्हणजे सासूबाई. तुमच्या आजोबांची आई.

सासरे जाऊन बरीच वर्षे झाली होती. सासूबाई रत्नागिरीकडच्या एका खेड्यात थोरल्या दिरांकडे राहत. समुद्र घरापासून इतका जवळ की जेवताना लाटांचा आवाज येई. आयुष्यात त्यांनी कधी स्वेटर घातला नव्हता. आजोबा जाऊन त्यांना घेऊन आले. आल्या आल्या त्यांनी नातीला मांडीवर घेतले, तिला नीट न्याहाळले, आणि मग माझ्याकडे वळल्या.

"अगो, पोरीला टाकून शिकवायला जायचंच आहे का? इंग्रजी आलं नाही तर पोरं उपाशी मरतात की काय?"

"आई, ती कायम व्हायची आहे यंदा," आजोबा म्हणाले.

"कायम तर ती इथं झालीच आहे की," असे म्हणून त्यांनी चुलीकडे बोट दाखवले. पण हसून. मग म्हणाल्या, "इथं थंडी फार म्हणतात. संक्रांतीपर्यंत बघते. निभावलं तर निभावलं. नाहीतर मला घरी पोचव."

आजोबा 'बरं' म्हणाले. त्यांचे ऑफिस शहरातल्या सदर भागात होते आणि घरातल्या वाटाघाटीत ते नेहमी 'बरं'च म्हणत. मी मात्र त्या दिवशीच कामाला लागले. संक्रांतीपर्यंत या बाईंना गारठू द्यायचे नाही.

विकतच्या वस्तूंचा प्रश्नच नव्हता. घरात जे होते त्यातून सगळे करायचे होते. आधी झरोके. गव्हाच्या पिठाची खळ शिजवली, झुरळे खाऊ नयेत म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद घातले आणि वर्तमानपत्रांचे थर प्रत्येक झरोक्यावर चिकटवले. खालचे थर इंग्रजी वर्तमानपत्राचे, वरचा मराठी, म्हणजे सासूबाईंना पडल्या पडल्या वाचता येईल. त्याचा परिणाम असा झाला की दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला हाक मारली.

"अगो, या बाईचं दागिन्यांचं गाठोडं चोरीला गेलं, ते सापडलं का?"

"कोणत्या बाईचं?"

"ही वरची. पुढचं पान कुठे लावलंस?"

पुढचे पान न्हाणीघरात लागले होते. त्या तिथे जाऊन वाचून आल्या. गाठोडे सापडले होते.

मग अंथरूण. उन्हाळ्यात खिडक्यांना लावून पाणी मारायच्या खसाच्या ताट्या माळ्यावर पडून होत्या. त्या कोरड्या ठणठणीत, वाळ्याच्या मुळ्यांनी भरलेल्या. त्यांच्यावर गोणपाट शिवून मी त्या सासूबाईंच्या गादीखाली घातल्या. फरशीचा गारवा वर यायचा थांबला आणि खोलीला मंद वास सुटला. आजोबांच्या जुन्या स्वेटरच्या बाह्या कापून तुमच्या आईच्या तंगड्यांना चढवल्या. एका बाहीत एक पाय, वर नाडी. ती त्यात सरपटायची तेव्हा कोपराच्या जागी तिचे गुडघे यायचे. कोळशाचा चुरा, शेण आणि माती कालवून त्याचे लाडवासारखे गोळे वळले, अंगणात वाळवले, आणि संध्याकाळी ओसरीवर शेगडीत ते पेटवून आम्ही भोवती बसत असू. संत्र्यांचे दिवस होते. खाल्लेल्या संत्र्यांच्या साली वाळवून ठेवायच्या आणि निखाऱ्यावर टाकायच्या. त्या तडतडत आणि सगळी ओसरी सुगंधी होई.

पायाशी घ्यायला मी गरम पाण्याची बाटली केली. जाड काचेची बाटली, वर लोकरीचा मोजा. सासूबाईंनी मोजा काढून बाटली उजेडात धरली.

"कसली होती ही?"

"संत्र्याच्या सरबताची."

"आकारावरून वाटत नाही."

"आई, शपथ, सरबताची," आजोबा म्हणाले.

"तू शपथ घेतलीस म्हणजे मला जास्तच शंका येते," असे म्हणून त्यांनी बाटली परत केली. तिच्या जागी मी तव्यावर जाडे मीठ भाजून त्याची पुरचुंडी बांधून दिली. मिठाबद्दल काही तक्रार नव्हती.

एवढे सगळे करूनही डिसेंबर लागला तशा सासूबाई रोज सकाळी दात वाजवत देवासमोर बसायला लागल्या. त्याचे कारण होते त्यांचे सोवळे.

तुम्हाला सोवळे ठाऊक नसेल. पूजा आणि स्वयंपाक करताना नेसायचे वस्त्र वेगळे असे. ते आदल्या दिवशी स्वतः धुवायचे, काठीने उंच वलणीवर वाळत घालायचे, आणि सकाळी आंघोळ करून काठीनेच खाली घ्यायचे. मधल्या वेळात त्याला कोणाचाही हात लागता कामा नये. शिवलेले कपडे सोवळ्यात चालत नाहीत. आंघोळीचे पाणीही तसेच. ते ज्याने तापवायचे त्याने आधी स्वतः आंघोळ केलेली पाहिजे. आमच्या घरात सासूबाईंच्या आधी कोणी उठतच नसे, मग पाणी तापवणार कोण? म्हणून त्या पहाटे उठून नळाच्या पाण्याने आंघोळ करत, रात्रभर गारठलेले पातळ सुती लुगडे नेसत, आणि फरशीवर बसून पूजा करत. कोकणात हे सगळे सुखाचे असेल. नागपुरात डिसेंबरात नळाचे पाणी अंगावर चावते.

मी आधी उठून गार पाण्याने आंघोळ करून त्यांचे पाणी तापवायला तयार होते. त्यांनी ते मना केले. "तू आजारी पडलीस तर पोरीला कोण पाजेल?" त्यांचेही खरेच होते.

तेव्हा मला कॉलेजात वाचलेली एक गोष्ट आठवली. इंग्रजांच्या घरात युद्धाच्या दिवसांत सरपण वाचवायला गवताची पेटी करत. गरम भांडे गवतात पुरून झाकले की त्यातली ऊब तासन्‌तास टिकते. संत्र्याची एक लाकडी पेटी आणली, तिच्यात भाताचे तणस ठासून भरले, मधे पातेले बसेल एवढा खळगा केला. संध्याकाळी पाणी उकळून त्यात ठेवले आणि वरून तुमच्या आईची जुनी दुलई दाबून बसवली. पहाटे मीच आधी उठून झाकण उघडले. वाफ थेट चष्म्यावर आली! मी इतकी खूश झाले की आजोबांना हलवून उठवले. आंघोळ न केलेल्या माणसाने पाणी तापवायचे नाही ना? मग हे पाणी आदल्या दिवशीच तापले होते, माझी आंघोळ झालेली असताना. सगळे नियम पाळून मी पाणी गरम केले होते.

सासूबाई आल्या, पेटीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "हे रात्रीचं पाणी?"

"हो, पण गरम आहे. बघा तरी."

"म्हणजे शिळं."

"पाणी कसं शिळं होईल, आई?" आजोबा अंथरुणातून म्हणाले.

"तू गप्प बस, तुझी आंघोळ नाही झाली. आणि ही वरची दुलई कोणाची?"

दुलई कोणाची होती आणि तिच्यावर रोज काय काय होत असे, हे त्यांनाच जास्त माहीत होते. धुवायला टाकायच्या त्याच. त्या तडक नळाखाली जाऊन बसल्या. त्या दिवशी बहुधा रागाने त्यांनी दोन तांबे जास्तच घेतले असावेत. संध्याकाळी त्यांना सर्दी झाली, मग खोकला, आणि त्या खोकल्यातच आजोबांना म्हणाल्या, "संक्रांत झाली, की किंक्रांत टाळून निघू. दोघांची तिकिटं काढून ठेव."

आजोबांनी माझ्याकडे पाहिले आणि तिकिटे काढून आणली. मी गवताच्या पेटीत वरण शिजायला ठेवू लागले. वरण फार छान होई. पण मला वरणाची गरज नव्हती.

खोकला बरा झाला त्याच्या आसपासची गोष्ट. आमच्या आणि शेजारच्या अंगणाच्या मधल्या हद्दीवर एक विहीर होती, अर्धी इकडे, अर्धी तिकडे. आम्ही आमच्या बाजूवर पत्रा टाकून वर फुलझाडांच्या कुंड्या मांडल्या होत्या. शेजारी उमरेडकडचे एक शेतकरी कुटुंब राहत होते. मुलगा शहरात नोकरीला लागला म्हणून म्हातारीही त्याच्याबरोबर आलेली. सासूबाईंच्याच वयाची, उंच, मोठ्या आवाजाची. ती पहाटे त्यांच्या बाजूने पाणी ओढत असे. कप्पी कुरकुरली की आम्हाला समजे, उजाडायला आले.

त्या दिवशी सासूबाई मागचे दार उघडून उभ्या राहिल्या आणि पाहतच राहिल्या. विहिरीतून वाफ निघत होती.

"काय पाहून राहिली वं बाई?" शेजारीण म्हणाली.

"पाणी ऊन आहे की काय हो?"

"मंग? हिवाळ्यात विहीर कोमटच राहते. हात घालून पाह्य."

सासूबाईंनी बादलीत हात घातला. मग त्या आमच्याकडे वळल्या. असे रागावलेले मी त्यांना आधी पाहिले नव्हते, नंतरही नाही.

"दारात विहीर असताना मला नळाखाली बसवलंत! वर पत्रा काय, कुंड्या काय! मला वाटलं विहीर नुसती पलीकडच्यांचीच आहे. आमच्या गावात काय विहिरी नाहीत?"

"आई, आम्हाला ठाऊकच नव्हतं," आजोबा म्हणाले.

"दोघं मिळून एवढे शिकलात आणि खाली वाकून पाहिलं नाहीत!"

शेजारीण विहिरीपलीकडे हसून हसून बसली. "तुमच्या कोकणात थंडी नाही म्हनते, मंग देव तुम्हाले देते तरी काय वं?"

"नारळ," सासूबाई म्हणाल्या आणि पदर खोचून कुंड्या हलवायला लागल्या.

त्यानंतर त्या रोज विहिरीवर जाऊ लागल्या. कप्पी एकच, शेजाऱ्यांची. दोर मात्र सासूबाईंनी स्वतःचा वेगळा आणवला आणि तो स्वतःच्या खुंटीला अडकवून ठेवला. शेजारणीने पहिल्याच दिवशी विचारले, "काहून वं, माह्या दोराले काटे हायेत काय?" सासूबाई नुसत्या दोर ओढत राहिल्या. मला आत उभ्याने लाज वाटली. पण दोघी रोज पहाटे तिथे पाऊण तास बोलत उभ्या राहत, हेही खरे.

आंघोळीचा प्रश्न असा सुटला. पूजेचा उरला. तासभर त्या पातळ सुती वस्त्रात बसायचे, तेही ओलसर केसांनी. आजोबांची जुनी शाल मी पुढे केली तर "तिला किनार शिवलीय" म्हणून परत आली. एकदा त्या सहज म्हणाल्या, "धाबळी असती तर निभावलं असतं. माझ्या सासूची होती. कसर लागून गेली."

धाबळी म्हणजे सोवळ्यात नेसायचे-पांघरायचे लोकरीचे वस्त्र. मी कान टवकारले.

"लोकर चालते सोवळ्यात?"

"न चालायला काय झालं? लोकरीला विटाळ नाही."

"कधीच नाही?"

"नाही म्हणजे नाही. तू असं वकिलासारखं काय विचारतेस?"

मी वकिलासारखेच विचारत होते. नवी धाबळी आणायची ऐपत नव्हती, पण लोकर तर जुन्या स्वेटरमध्ये भरपूर असते. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत मी सगळी कथा सांगितली. माझ्या बरोबरच्या बायकांना माझी नोकरी टिकायला हवी होती. मी गेले तर माझे तास त्यांच्यावर पडणार होते. तास वाचणार म्हटल्यावर सगळ्या तयार झाल्या. घरातले आखडलेले, फाटलेले स्वेटर आले. मुलींनी विसरलेले आणि कोणी न्यायला न आलेले जुने स्वेटर शाळेच्या कपाटात होते, गणवेशाचे, गडद निळे आणि लाल. मुख्याध्यापिकाबाईंनी ते दिले. आम्ही सगळे उसवले, लोकर धुतली, वळ्या सुटाव्यात म्हणून लडींना वजन बांधून टांगली. मी वीतभर चौकोनाचे माप सगळ्यांना कागदावर काढून दिले. प्रत्येकीने घरी चौकोन विणले, रविवारी मी ते सुईने जोडले. पांघरूण फार सुबक दिसत होते.

सासूबाईंनी ते मांडीवर घेतले, हात फिरवला, वजन पाहिले. चेहरा उजळला. मग त्यांनी ते उलटे केले.

"हे काय?"

"जोड आहेत."

"सुईने?"

मला तिथेच कळले. चौकोन विणलेले होते, पण पांघरूण शिवलेले होते.

"आई, हे विणकाम आहे, शिवण नव्हे," आजोबा म्हणाले. "माझा स्वेटर बघ, हा काय शिवलेला म्हणायचा?"

"खांद्यावर बघ."

आजोबांनी मान वाकडी करून स्वतःचा खांदा पाहिला. तिथे स्पष्ट शिवण होती. ते पुन्हा म्हणाले, "बरं."

"पांघरायला ठेव. छान झालंय," सासूबाई मला हळू आवाजात म्हणाल्या. "पण सोवळ्यात नाही गो चालायचं." त्यांनाही वाईट वाटले होते. पण नियम तो नियम.

संक्रांत तोंडावर आली होती. मी ते सगळे पुन्हा उसवले. आता एकसंध विणायचे, शिवण एकही नाही. एवढ्या रुंद विणकामाला आमच्या मोजे विणायच्या आखूड सुया पुरेनात. आजोबांनी सायकलवाल्याकडून चाकाचे जुने आरे आणले आणि त्यांची टोके ओट्याच्या दगडावर घासून गुळगुळीत केली. आऱ्याला एका टोकाला वाक असतोच, त्यामुळे टाके निसटत नाहीत. रुंदी बेताचीच आली, म्हणून लांबी वाढवायची ठरवली. दोन वेढे घेता येतील इतकी. ते विणकाम पिशवीतून शाळेत जाई, मधल्या सुट्टीत एकीकडून दुसरीकडे फिरे, आणि संध्याकाळी घरी येई. जिच्या हाती जी लोकर लागली तिने ती विणली. मधेच मला शंका आली की एक लोकर संपून दुसरी लावताना गाठ मारावी लागते, तिचे काय? घरी जाऊन विचारले, कशाबद्दल ते न सांगता.

"सोवळ्याच्या वस्त्राला गाठ चालते का?"

"जानव्याला गाठ असते. गाठीला काय झालं?"

भोगीच्या दिवशी ते पुरे झाले. मी त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी चष्मा लावला, एका टोकापासून बोटे फिरवत दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या, उलटे करून परत आल्या.

"शिवण?"

"नाही."

"टोकाला?"

"तिथेही विणूनच संपवलंय."

त्यांनी ते खांद्यावर घेतले. लांबीला पुरते, दोन वेढे, आणि एक टोक मांडीवर. मग विचारले, "एवढी लोकर कोणाची?"

"सगळ्या शाळेची."

"सगळ्या म्हणजे?"

"सगळ्या म्हणजे सगळ्या. सगळ्या जातीधर्मांच्या मुली आहेत आमच्याकडे. त्यांचे स्वेटर." माझी छाती धडधडत होती. "तुम्हीच म्हणालात, लोकरीला विटाळ नाही."

त्यांनी एकेक पट्टा बोटाने पुन्हा चाचपला. आजोबा वर्तमानपत्राआड गेले. तुमची आई त्या लांब टोकाला धरून उभी राहायचा प्रयत्न करत होती.

"म्हणाले ना?" सासूबाई शेवटी म्हणाल्या. "मग म्हणाले." आणि नातीच्या मुठीतून टोक सोडवून घेत मला म्हणाल्या, "मास्तरीण आहेस खरी. आधी विचारून ठेवतेस."

संक्रांतीच्या पहाटे त्या ते पांघरून पूजेला बसल्या. निळा पट्टा, लाल पट्टा, मधे कोणाच्या तरी नवऱ्याचा पिवळा, खाली शेवाळी. इतकी रंगीत पूजा आमच्या घरात कधी झाली नसेल. पूजा संपवून त्या तशाच मागच्या दारात गेल्या, तिळगूळ द्यायला.

शेजारणीने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिले. "काहून वं बाई, शाळेत नाव घातलं काय?"

"हो. पहिलीत."

"मास्तरीण मारते काय?"

"अजून नाही. पण नजर आहे तिची," सासूबाई म्हणाल्या आणि तिळगूळ हातावर ठेवला. मग त्यांनी दोन बादल्या पाणी ओढले, आणि ते ओढून झाले तेव्हा माझ्या लक्षात आले की त्यांचा दोर खुंटीलाच होता.

सकाळी नाश्ता झाल्यावर आजोबा घुटमळत आले. "आई, परवाची गाडी आहे. तुझी ट्रंक बांधायला घेऊ का?"

"माझी कशाला? तुझी बांध."

"म्हणजे?"

"तिकीट आहे ना तुझं? जा. माझं परत करून टाक. तू येताना माझी विळी आण. या घरातली विळी म्हणजे नुसती शोभा आहे. माझी सहाण आण. देवघरातला छोटा बाळकृष्ण आण, मोठे देव तिथंच राहू देत. आणि नारळ आण, पोतंभर. त्या पलीकडच्या बाईला मी कबूल केलेत."

"आणि तू?"

"मी कुठे जाते? उद्या हिला शाळा आहे ना?"

आजोबा अर्थातच "बरं" म्हणाले. सासूबाईंनी तुमच्या आईला कडेवर घेतले आणि ऊन खायला अंगणात नेले. मी आतल्या खोलीत जाऊन दार लोटले आणि तपासायला आणलेला इंग्रजीच्या पेपरांचा गठ्ठा उघडून बसले. वरच्या काही मुलींना त्या सकाळी पुष्कळच मार्क पडले. शुद्धलेखनाकडे मी पाहिलेच नाही.